विजेच्या गाडीकडे वळताना: आधी गाडी रात्री कुठे उभी राहते ते पाहावे

प्रश्न असा आहे. नऊ वर्षे वापरलेली पेट्रोलची गाडी आता बदलायची आहे, रोजचे जाणे-येणे साधारण ५० किलोमीटरचे आहे, वर्षातून चार-पाच वेळा ४०० ते ५०० किलोमीटरचा प्रवास घडतो आणि राहणे बहुमजली इमारतीत आहे. अशा परिस्थितीत विजेच्या गाडीकडे वळावे का, वळल्यास खरा लाभ कोणता आणि अडचणी कोणत्या? वाहनदुरुस्तीच्या व्यवसायात मला पंचवीस वर्षांहून अधिक काळ झाला. त्यातली पहिली पंधरा-सोळा वर्षे इंजिनाच्या काळ्या तेलात हात माखण्यात गेली आणि त्यानंतरची विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या तपासण्यात. दोन्ही प्रकारच्या गाड्यांचे रुसवे-फुगवे पाहिलेले असल्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

बहुतेक जण सर्वांत आधी विचारतात ते एका चार्जमध्ये गाडी किती जाते हे. मी मात्र त्यांनाच उलट विचारतो की, गाडी रात्री कुठे उभी राहते आणि तिथे विजेची जोडणी आणता येते का? पेट्रोलच्या गाडीने आपल्याला एक सवय लावली आहे. टाकी रिकामी होत आली की पंपावर जायचे, पाच मिनिटांत ती भरून घ्यायची आणि पुढचे आठ दिवस विसरून जायचे. हाच हिशेब विजेच्या गाडीला लावला की ती गैरसोयीची वाटणारच. परंतु रोज ५० किलोमीटर धावणारी गाडी चोवीस तासांपैकी बावीस तास उभीच असते, आणि त्या उभ्या वेळातच तिचे पोट भरायचे असते. मध्यम आकाराची विजेची गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट वीज घेते. म्हणजे आपल्या रोजच्या धावेला ७.५ युनिट लागतील, आणि चार्जिंगमध्ये वाया जाणारा दहा-पंधरा टक्के भाग धरला तर मीटरवर ८.५ युनिट पडतील. १६ अँपिअरच्या साध्या जोडणीतून ३ किलोवॉट मिळतात असे धरले, तर हे काम तीन तासांत आटोपते. रात्री प्लग लावला आणि सकाळी काढला, एवढाच काय तो आपला वेळ खर्च होतो. ही सोय ज्याला आहे त्याच्यासाठी चार्जिंग हा विषयच उरत नाही. ज्याला नाही, त्याच्या पुढच्या सगळ्या तक्रारींचे मूळ बहुधा इथेच सापडते.

या जोडणीबद्दल थोडे अधिक बोलतो, कारण गाडी निवडण्यात महिनेच्या महिने घालवणारी माणसे हे काम मात्र अर्ध्या दिवसात उरकून टाकतात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गाडी आली. चार्जिंग अर्ध्या तासाने आपोआप बंद पडते, अशी तक्रार होती. गाडीत दोष सापडेना. शेवटी मालकांना त्यांची चार्जिंगची केबल आणायला सांगितली, तेव्हा प्लगची एक पिन तपकिरी पडलेली आणि तिच्याभोवतीचे प्लॅस्टिक किंचित फुगलेले दिसले. वाहनतळातल्या त्या जुन्या सॉकेटमध्ये तारेचा स्क्रू ढिला होता. असा सांधा ढिला असला की तिथे विरोध वाढतो; तो ०.२ ओहम जरी धरला आणि प्रवाह १३ अँपिअर असला, तर तेरा गुणिले तेरा गुणिले ०.२ म्हणजे जवळजवळ ३४ वॉट उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत सतत निर्माण होते. इस्त्री किंवा पाण्याचा हीटर हाच प्रवाह घेतात, पण थोडा वेळ. गाडी तो सलग कित्येक तास घेते. त्या प्लगमध्ये तापमान मोजण्याची सोय होती म्हणून चार्जिंग थांबत होते. ज्याला मालक दोष समजत होते, ते वास्तविक संरक्षण होते. तेव्हा मीटरपासून स्वतंत्र लाइन, ४ किंवा ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, जादा प्रवाह झाल्यास वीज तोडणारी तिची स्वतःची एमसीबी, गळती प्रवाह ओळखून वीज तोडणारी आरसीसीबी आणि मोजून घेतलेली अर्थिंग, यांत कसर करू नये. अर्थिंग नीट नसेल तर अनेक चार्जर काम सुरूच करत नाहीत, आणि ते योग्यच आहे. एक्स्टेन्शन बोर्ड लावून चार्जिंग करणाऱ्यांना मी हात जोडतो.

बहुमजली इमारतीत तांत्रिक प्रश्नापेक्षा माणसांचा प्रश्न मोठा असतो. वीज कोणाच्या मीटरवरून घ्यायची, सामाईक जागेतून तार नेण्याची परवानगी कोण देणार, आणि उद्या दहा जणांनी गाड्या घेतल्या तर इमारतीचा मंजूर भार पुरेल का, या तीन प्रश्नांवर सभा रंगतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लोकांना वाटते तितके भीतिदायक नाही. दहा गाड्यांना प्रत्येकी ७ किलोवॉटचे चार्जर दिले आणि सगळे संध्याकाळी सात वाजता सुरू झाले, तर एकदम ७० किलोवॉटचा भार पडेल, हे खरे. पण त्याच दहा गाड्यांना रात्रभरात मिळून साधारण ८५ युनिटच हवे असतात. ते दहा तासांत वाटून दिले तर सरासरी भार ८.५ किलोवॉटचा होतो. चार्जरमध्ये आपापसात पाळी ठरवून देणारी यंत्रणा आता मिळते. एकेकट्याने तार ओढण्यापेक्षा इमारतीने मिळून एकदाच सोय केली तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्चही कमी होतो. आपण गाडीचे पैसे भरण्यापूर्वी ही परवानगी लेखी हातात घ्यावी, असा माझा आग्रह राहील.

आता खर्च. इथे मी आकडा सांगण्याऐवजी रीत सांगतो, कारण दर बदलत राहतात आणि रीत टिकते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. लिटरला १५ किलोमीटरचे ॲव्हरेज देणारी गाडी १०० किलोमीटरला ६.७ लिटर, म्हणजे ६० युनिट ऊर्जा खाते, आणि त्यातली बहुतांश रेडिएटर व सायलेन्सरमधून उष्णता होऊन उडून जाते. विजेच्या गाडीला मीटरवरची १७ युनिट पुरतात. आता १७ ला ६.७ ने भागले की सुमारे २.५ येतात. म्हणजे पेट्रोलच्या एका लिटरचा दर आपल्या विजेच्या एका युनिटच्या दराच्या अडीच पटींहून जितका अधिक, तितकी विजेची गाडी चालवणे स्वस्त. घरच्या विजेवर हे गणित बहुतेक ठिकाणी ठळकपणे विजेच्या बाजूने जाते. सार्वजनिक जलद चार्जरवर मात्र युनिटचा दर घरच्या दराच्या दुप्पट-तिप्पट असू शकतो, आणि मग फायदा झपाट्याने आटतो. पुन्हा मुद्दा तोच येतो की, गाडी रात्री जिथे उभी राहते तिथे वीज असली पाहिजे.

खरेदीची किंमत सहसा अधिक पडते, आणि ती भरून निघायला गाडी धावावी लागते. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चालवणाऱ्याने केवळ बचतीसाठी विजेची गाडी घेऊ नये. आपली धाव वर्षाला १८ हजारांच्या आसपास आहे. एवढ्या वापरात हिशेब जुळण्याची शक्यता चांगली आहे.

देखभालीबद्दल जे ऐकायला येते ते बहुतांश खरे आहे. इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, क्लच, टायमिंग बेल्ट, सायलेन्सर यांतले काहीच नसल्यामुळे माझ्यासारख्याचे निम्मे उत्पन्न या गाड्यांनी घालवले आहे. तरीही तिला काहीच लागत नाही असे समजणे चूक ठरेल. बॅटरी थंड ठेवणारे कूलंट, ब्रेक फ्लुइड, एअर कंडिशनरचा फिल्टर, गिअरपेटीतले तेल हे ठरावीक काळाने पाहावेच लागते. गाडी मंदावताना मोटरच जनित्राचे काम करून वीज बॅटरीत परत पाठवते, त्यामुळे ब्रेकचे पॅड वर्षानुवर्षे झिजत नाहीत. गंमत अशी की वापर नसल्यामुळे दमट हवेत डिस्कवर गंज चढतो. म्हणून अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर ब्रेक जाणीवपूर्वक दाबून डिस्क घासून घ्यावी. टायर मात्र लवकर झिजतात. बॅटरीमुळे वजन काही शे किलोंनी वाढलेले असते आणि मोटर पहिल्याच क्षणी पूर्ण जोर लावते. सिग्नल सुटताच उसळी मारण्याचा मोह ज्यांना आवरत नाही, त्यांनी टायरसाठी वेगळी तरतूद ठेवावी.

एक जागा अशी आहे जिथे नवे मालक हमखास फसतात. विजेच्या गाडीतही पेट्रोलच्या गाडीसारखी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. मोठी बॅटरी, जिचा दाब साधारण ४०० व्होल्ट असतो, ती गाडी बंद असताना सुरक्षिततेसाठी पूर्ण तोडलेली असते, आणि तिला जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारे मोठे स्विच, जुळतात ते या १२ व्होल्टच्या बळावर. एक गृहस्थ तीन आठवड्यांच्या प्रवासावरून परतले तेव्हा गाडीचे दारसुद्धा उघडेना. मोठ्या बॅटरीत ७८ टक्के वीज शिल्लक होती; छोटी बसली होती. कोठार धान्याने भरलेले असावे आणि किल्ली हरवावी, तसा तो प्रकार होता. छोटी बॅटरी चार-पाच वर्षांनी, तक्रार येण्याची वाट न पाहता, बदलून टाकावी.

मोठ्या बॅटरीची धास्ती सर्वांना असते, आणि तिच्याकडे नीट पाहायला हवे. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ साली, कॅमेऱ्यासारख्या लहान उपकरणांसाठी. तिच्या पायाभूत संशोधनासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना मिळाले. फोनमधली बॅटरी तीन वर्षांत मान टाकते, मग गाडीची किती टिकणार, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. फोनला तापमान सांभाळणारी द्रवप्रणाली नसते, तो रोज शंभर टक्के भरतो आणि रोज तळ गाठतो. गाडीची बॅटरी थंड-उबदार ठेवली जाते, आणि वरची-खालची थोडी जागा नियंत्रक प्रणाली राखून ठेवते. ४० युनिटची बॅटरी एका पूर्ण चक्रात साधारण २६० किलोमीटर नेते. हजार पूर्ण चक्रे धरली, आणि चांगल्या बॅटरीकडून ती अपेक्षा रास्त आहे, तर २ लाख ६० हजार किलोमीटर होतात. आपल्या वापरात ही चौदा वर्षे झाली. बहुतेक उत्पादक ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत क्षमता ७० टक्क्यांखाली जाणार नाही अशी हमी देतात. करार वाचताना मात्र हमी क्षमतेची आहे की फक्त बॅटरी पूर्ण निकामी होण्याची, हे बारकाईने पाहावे.

बॅटरी दोन प्रकारे म्हातारी होते. एक वापराने, दुसरी नुसत्या काळाने; आणि हा दुसरा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही. ती उष्णतेत आणि भरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या रासायनिक क्रिया तिला हळूहळू पोखरतात. म्हणजे पूर्ण भरून कडक उन्हात आठवडाभर उभी केलेली गाडी, रोज चाळीस किलोमीटर धावणाऱ्या गाडीपेक्षा अधिक सोसते. इथे रसायनाचा भेद महत्त्वाचा आहे. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या बॅटरीत कमी वजनात जास्त ऊर्जा मावते, पण रोजच्या वापरात तिला ८० टक्क्यांवर थांबवावे. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची बॅटरी तेवढ्याच ऊर्जेला जड असते, थंडीत थोडी आळशी असते, परंतु उष्णता अधिक सोसते, चक्रे अधिक देते आणि कोबाल्टशिवाय बनते. तिचा दाब भरताना-उतरताना जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे आत किती वीज उरली याचा अंदाज नियंत्रकाला चुकू लागतो; म्हणून आठवड्यातून एकदा तिला पूर्ण शंभर टक्के भरून हिशेब जुळवून द्यावा लागतो. एकीला जे पथ्य, तेच दुसरीला अपथ्य. आपल्या गाडीत कोणती बॅटरी आहे हे विक्रेत्याला विचारावे, आणि त्याला सांगता आले नाही तर माहितीपुस्तिका मागावी. रोज ५० किलोमीटर आणि उष्ण हवा असेल तर मी स्वतः दुसरी निवडीन.

बॅटरी बिघडते तेव्हा बहुधा ती सगळी बिघडत नाही. शंभर-दीडशे सेलांपैकी एखादा अशक्त झाला की साखळी त्या कडीइतकीच बळकट राहते. यंत्रावर सेलांचे दाब पाहताना बाकी सगळे ३.६५ च्या आसपास आणि मधलाच एक ३.४२ वर दिसला की निदान झाले. तेवढा भाग बदलून गाडी पुन्हा नीट धावल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. माझी तक्रार अशी की काही नव्या रचनांमध्ये सेल एकमेकांना आणि पेटीला कायमचे चिकटवलेले असतात. त्याने वजन व खर्च वाचतो, पण एका सेलसाठी अख्खी पेटी बदलण्याची वेळ ग्राहकावर येते. गाडीच्या पोटाला दगड लागून पेटीला पोचा आला तरी विमावाले संपूर्ण बॅटरी बदलण्याचा विचार करतात, आणि त्याचा भार हप्त्यावर पडतो. विम्याच्या करारात बॅटरीच्या बाह्य नुकसानीचा स्पष्ट उल्लेख असावा.

एका चार्जमध्ये किती, या प्रश्नावर आता येतो. माहितीपत्रकातला पल्ला प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीचा असतो; तो खोटा नसतो, पण आपला रस्ता आणि ती चाचणी यांची गाठ क्वचितच पडते. पेट्रोलची गाडी शहरात जास्त पिते आणि महामार्गावर कमी. विजेच्या गाडीचे नेमके उलटे असते. शहरात थांबता-सुटताना वाया जाणारी ऊर्जा ती बरीचशी परत मिळवते, महामार्गावर मात्र हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि परत काहीच मिळत नाही. ताशी ८० वरून ११० वर गेल्यास हा विरोध जवळजवळ १.९ पट होतो. एअर कंडिशनरचा बागुलबुवा उगाच केला जातो. तो साधारण १ किलोवॉट घेतो, म्हणजे ताशी ५० च्या वेगाने तासभर जाताना साडेसात युनिटमागे एक. कोंडीत ताशी पंधराच्या गतीने सरकताना मात्र त्याचा वाटा जाणवतो. खरी झळ थंडीची असते. इंजिनाच्या गाडीत वाया जाणारी उष्णता आतल्या माणसांना फुकट ऊब देते. विजेच्या गाडीला ती बॅटरीतून काढावी लागते, शिवाय थंड बॅटरीतली रासायनिक क्रियाही मंदावते. कडाक्याच्या थंडीत पल्ला २० ते ४० टक्क्यांनी घटू शकतो. अशा प्रदेशात राहणाऱ्याने हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत खेचणारी यंत्रणा, असलेलीच गाडी घ्यावी आणि प्लग लावलेला असतानाच ती आतून गरम करून मग निघावे.

थंड प्रदेशात ही गाडी चालतच नाही, असे म्हणणाऱ्यांना नॉर्वे दाखवावा. २०२४ साली तिथे विकल्या गेलेल्या दर १० नव्या मोटारींपैकी जवळजवळ ९ पूर्ण विजेच्या होत्या. यामागे पेट्रोल-डिझेल गाड्यांवरचे भारी कर आणि विजेच्या गाड्यांना दिलेली सवलत आहे, हे मान्य; पण तितकेच महत्त्वाचे म्हणजे तिथल्या बहुतेक मालकांना घरी चार्जिंगची सोय आहे.

लांबच्या प्रवासाचे गणित आपल्यासाठी मांडून दाखवतो. ६० युनिटची बॅटरी आणि महामार्गावर १०० किलोमीटरला २० युनिट धरले, तर पूर्ण पल्ला ३०० किलोमीटर. घरून शंभर टक्क्यांवर निघून १० टक्क्यांवर थांबलो की २७० किलोमीटर होतात. तिथे ८० टक्क्यांपर्यंत भरून पुढे २१० मिळतात. म्हणजे ४८० किलोमीटरला एक थांबा, तोही १०० किलोवॉटच्या चार्जरवर अर्ध्या-पाऊण तासाचा आणि ५० च्या चार्जरवर तासाभराचा. ८० च्या पुढे थांबू नये. धान्याचे पोते भरताना सुरुवातीला पाटीच्या पाटी ओतता येते, पण तोंडाशी आले की मुठीमुठीने, हलवून-हलवून भरावे लागते. लिथियमच्या कणांनाही शेवटी बॅटरीतल्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये रिकामी जागा शोधत शिरावे लागते. घाई केली तर ते आत न शिरता वर धातूचा थर होऊन बसतात आणि बॅटरीचे कायमचे नुकसान होते, म्हणून गाडी स्वतःच प्रवाह कमी करते. शेवटचे २० टक्के भरायला आधीच्या ५० टक्क्यांइतका वेळ लागणे नवलाचे नाही.

हे झाले कागदावरचे. प्रत्यक्षात चार्जर बंद असू शकतो, त्याच्यापुढे रांग असू शकते, किंवा पैसे भरण्याचे ॲप ऐन वेळी रुसू शकते. माझा नियम असा आहे की, ज्या चार्जरवर थांबायचे त्याच्या पुढे किंवा मागे तीस-चाळीस किलोमीटरवर दुसरा पर्याय हेरून ठेवल्याशिवाय निघायचे नाही. सणासुदीच्या दिवशी, सगळे एकाच दिशेने निघालेले असताना, हा प्रवास पेट्रोलच्या गाडीइतका निर्धास्त असत नाही, हे मी लपवणार नाही. आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. २२ किलोवॉटचा चार्जिंगचा खांब दिसला म्हणून २२ किलोवॉट मिळतील असे नाही. असा खांब आपल्याला प्रत्यावर्ती (एसी) वीज, म्हणजे घरी येते तीच, देतो आणि तिचे रूपांतर गाडीच्या पोटातला चार्जर करतो. तो ७ किलोवॉटचा असेल तर ७ च मिळणार. जलद चार्जर बॅटरीला हवी तशी थेट एकदिश (डीसी) वीज देऊन या अंतर्गत चार्जरला वळसा घालतात.

पर्यावरणाचा मुद्दा दोन्ही बाजूंनी आवेशाने मांडला जातो, आणि दोन्हीकडे हिशेब कमी असतो. बॅटरी बनवताना तिच्या क्षमतेच्या प्रत्येक युनिटमागे साधारण ६० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मधला ७५ धरला तर ४० युनिटच्या बॅटरीमागे तीन टन. एवढे कर्ज घेऊनच विजेची गाडी रस्त्यावर येते. पेट्रोलची गाडी, तेल काढण्या-शुद्ध करण्यापासूनचे सगळे धरून, दर किलोमीटरला सुमारे १८५ ग्रॅम सोडते. वीज मुख्यतः कोळशाची असेल आणि युनिटमागे ७५० ग्रॅम पडत असतील, तर विजेच्या गाडीचे १२७ ग्रॅम होतात. ५८ ग्रॅमच्या फरकाने तीन टनांचे कर्ज फिटायला सुमारे ५२ हजार किलोमीटर लागतात. वीज जल, वारा, सूर्य यांची असून युनिटमागे १०० ग्रॅमच पडत असतील, तर तेच कर्ज १८ हजारांत फिटते. आपल्या वापरात हा फरक तीन वर्षे की एक वर्ष, असा आहे. कोळशाच्या विजेवर चालणारी गाडी प्रदूषणमुक्त म्हणणे चूक आणि तिच्यात काही अर्थच नाही म्हणणे त्याहून चूक. रस्त्यावर धूर न सोडण्याचा लाभ मात्र पहिल्या दिवसापासून मिळतो. टायरची झीज आणि तिची धूळ तेवढी उरते. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून बराच अधिक काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकातून येतो आणि तिथल्या छोट्या खाणींत मुलांना राबवले जाते, ही बाबही खरेदीच्या वेळी मनात असू द्यावी. कोबाल्टविरहित बॅटरी निवडण्याचे ते एक कारण होऊ शकते.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. उपलब्ध नोंदींनुसार विजेच्या गाड्या पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा कमी प्रमाणात पेटतात. पण पेटली तर आग विझवणे अवघड असते, विझलेली बॅटरी काही तासांनी, कधी दिवसांनीही, पुन्हा भडकू शकते. अपघात झालेली गाडी म्हणूनच मोकळ्या जागेत, इतर गाड्यांपासून दूर ठेवावी. बंद पडलेली गाडी चाके फिरत असताना ओढत नेऊ नये, कारण चाकांबरोबर मोटर फिरून वीज निर्माण करते. ती सपाट वाहनावर चढवूनच न्यावी. उच्च दाबाची वीज वाहणाऱ्या नारिंगी तारांना हात लावण्याचे धाडस घरच्या घरी कोणीही करू नये. आम्हीसुद्धा हजार व्होल्टचे हातमोजे घालून, जोडणी तोडून, साठलेला भार उतरण्यासाठी काही मिनिटे थांबून आणि मीटरने शून्य पाहूनच पुढे सरकतो. कमी वेगात गाडीचा आवाज येत नाही, म्हणून युरोपीय संघात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेच्या गाडीला कृत्रिम आवाज सक्तीचा आहे. तो बंद करून घेण्याची खटपट करू नये.

थोडे विषयांतर करतो. विजेची गाडी नवी नाही. ताशी १०० किलोमीटरची वेस पहिल्यांदा ओलांडली ती १८९९ साली कामिय जेनात्झी या बेल्जियन चालकाने, आणि ती गाडी विजेचीच होती. पुढे १९१२ मध्ये अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत आला, हँडल मारून इंजिन सुरू करण्याचा त्रास गेला, आणि पेट्रोलच्या गाडीने बाजी मारली. विजेच्या गाडीला मागे सारायला एक विजेची मोटरच कारणीभूत व्हावी, हा योग मला नेहमी गमतीचा वाटतो.

आपल्या प्रश्नाकडे परत येतो. रात्रीची जोडणी मिळत असेल तर मी होकार देईन. चार-पाच लांबच्या प्रवासांसाठी मोठ्यात मोठी बॅटरी घेऊन वर्षभर तिचे ओझे वाहण्यापेक्षा ५५ ते ६० युनिटची, द्रवाने थंड होणारी आणि जलद चार्जिंगची गाडी पुरेशी होईल. जोडणी मिळत नसेल आणि कामाच्या ठिकाणीही चार्जिंग नसेल, तर निव्वळ सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर या घडीला वळू नये. चांगली हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि मोटर दोन्ही असलेली गाडी, घ्यावी किंवा जुनीच गाडी दोन वर्षे आणखी चालवावी. आत द्रवाऐवजी घन माध्यम असलेली घनस्थितीतील बॅटरी येईपर्यंत थांबू का, असेही विचारले जाते. आजची गरज आजच्या बॅटरीवर भागत असेल तर थांबण्याचे कारण मला दिसत नाही. वापरलेली गाडी घेणार असाल तर किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. बॅटरीची शिल्लक क्षमता आणि सेलांच्या दाबांतला फरक यांचा छापील अहवाल मागा, आणि गाडी पूर्ण भरून स्वतः शंभर किलोमीटर चालवून किती टक्के उतरले ते पाहा. तोवर पुढचे पंधरा दिवस एक वही गाडीत ठेवून रोज किती किलोमीटर झाले आणि गाडी कुठे किती तास उभी राहिली ते लिहा, आणि एखाद्या जाणकार इलेक्ट्रिशियनला वाहनतळात नेऊन मीटरच्या खोलीपासून आपल्या जागेपर्यंतचे अंतर टेपने मोजून घ्या.